आठवणींची उलटतपासणी
सोलापूरकरांनी लिहिलेल्या आठवणींच्या संग्रहाची प्रस्तावना

सोलापूरचा इतिहास सांगायला बसलेला माणूस फार आढेवेढे घेत नाही. तो थेट १९३० सालात उतरतो, आणि त्यात त्याचे काही चुकत नाही. ६ एप्रिल १९३० रोजी इथल्या नगरपालिकेच्या इमारतीवर तिरंगा चढला. पुढच्याच महिन्यात गांधीजींना अटक झाली. ८ मे रोजी रूपाभवानीच्या बाजूला शिंदीची झाडे तोडण्यावरून जमाव आणि पोलीस समोरासमोर आले, गोळीबारात शंकर शिवदारे हा तरुण गेला आणि शहर उसळले. नंतरचे काही दिवस सोलापुरात इंग्रजांचा अंमल नावालाही उरला नव्हता. १२ मेला मार्शल लॉ पुकारला गेला तो जूनअखेरपर्यंत राहिला. डोक्यावर गांधी टोपी असणे एवढाही गुन्हा त्या दिवसांत पुरे होता. मंगळवार पेठेच्या चौकीतल्या पोलिसांच्या खुनाचा आरोप ठेवून मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी दिली गेली. एक लिंगायत, एक मराठा, एक मारवाडी आणि एक मुसलमान. सोलापूर म्हणजे काय हे बाहेरच्याला सांगताना आम्ही अजूनही हीच चार नावे एका दमात घेतो.

या संग्रहासाठी लेख मागवले तेव्हा आमची अटकळ होती की निम्मे लोक हेच लिहून पाठवतील. झाले भलतेच. आले ते गिरणीचे भोंगे, खांबावरचे नळ, दुपारचे डबे, विडीची छाट, मागाखाली झोपलेली मुले, भागवतच्या टॉकीजांपैकी कुठल्या टॉकीजला कुठला सिनेमा पाहिला त्याच्या याद्या. १९३० आले, पण आडवाटेने. एका लेखात आजोबांची टोपी ज्वारीच्या कणगीत तळाशी दडवलेली आहे आणि लेखिकेला ठाऊक आहे ते एवढेच, की पुढे ज्वारी उपसताना ती टोपी सापडली तेव्हा आजी हसली होती. दुसऱ्या एका घरात त्या मे महिन्याची आठवण पिठाची आहे. बाजार बंद, गिरण बंद, म्हणून पणजीने जात्यावर शेजारच्या तीन घरांचे दळण काढले. स्वातंत्र्याचे दिवस तीन होते की चार, यावर अभ्यासकही एकमत करीत नाहीत. ८ मेची रात्र धरायची की नाही, १२ तारीख कुठे मोजायची, यावर ते ठरते. पणजीने तो हिशेब दळणात ठेवला होता.

आठवण ही साक्ष आहे असे आम्ही हे काम हाती घेताना ठरवले होते. आणि साक्ष म्हटली की उलटतपासणी आलीच. मराठीत गावाच्या आठवणींचा एक ठरलेला साचा आहे: आमच्या काळी माणसे साधी होती, नदीला पाणी होते, शिक्षक मारायचे पण माया करायचे. असे लेख गोड असतात आणि त्यातले गाव कुठलेही असू शकते. साताऱ्याच्या जागी सोलापूर घातले तरी एक ओळ बदलावी लागत नाही. म्हणून ‘जुने सोलापूर कसे होते’ असा प्रश्न आम्ही कोणालाच विचारला नाही. घरात पाणी कोण भरायचे, पहिल्या पाळीला जाणाऱ्याला उठवायचे कोण, पगाराच्या दिवशी घरी कोण कोण वसुलीला यायचे, कुठल्या देवळात जायला मनाई होती, भाड्याने खोली मागायला गेल्यावर आधी काय विचारले जायचे, असे विचारले. माणसे आधी गोंधळली. मग बोलू लागली ती थांबेनात.

उलटतपासणीचे एक उदाहरण देतो. चौघा हुतात्म्यांची फाशी सोलापूरच्या तुरुंगात झाली, असे एकाहून अधिक लेखांत लिहून आले. फाशी झाली पुण्याला, येरवड्याच्या तुरुंगात. छापताना आम्ही ते दुरुस्त केले आहे. पण इतक्या जणांची एकच चूक कशी होते, हा विचार सुटेना. १२ जानेवारी म्हणजे सिद्धेश्वरांच्या यात्रेच्या अगदी तोंडावरचा दिवस. नंदीध्वजांच्या काठ्या पेलण्याचा सराव कधीचा सुरू झालेला असतो, पांढऱ्या बाराबंद्या शिवून तयार असतात, होम मैदानावर गड्ड्याचे, म्हणजे यात्रेतल्या जत्रेचे, पाळणे उभे राहत असतात. ज्या घरात आजीने दरवर्षी संक्रांतीचे तीळ भाजताना त्या चौघांची नावे घेतली, त्या घराला येरवडा कुठून आठवणार? तारीख घराने बरोबर जपली, ठिकाण मात्र आपल्या दाराशी ओढून आणले. इतिहासाच्या पुस्तकाला ही चूक आहे. त्या घराविषयी मात्र यातून बरेच कळते.

यात्रेविषयीचे लेख वाचताना बाहेरगावच्या वाचकाला थोडी माहिती लागेल. सिद्धेश्वर म्हणजे सिद्धरामेश्वर, बाराव्या शतकातले, बसवेश्वरांचे समकालीन. त्यांनी लोकांकडून तळे खोदवून घेतले आणि गावाभोवती अडुसष्ट लिंगे स्थापली, ही इथली परंपरा. एका कुंभारकन्येने त्यांच्याशी लग्नाचा हट्ट धरला, त्यांनी आपल्या योगदंडाशी तिचे लग्न लावून दिले, आणि तोच विवाह दरवर्षी संमती कट्ट्यावर अक्षता टाकून साजरा होतो. सात नंदीध्वज हिरेहब्बूंच्या वाड्यापासून निघतात आणि त्यांचे मान वेगवेगळ्या समाजांकडे आहेत. सोलापुरात एखाद्या घराण्याची ओळख त्याच्या व्यवसायाने होते तशीच ‘आमच्याकडे काठी आहे’ या वाक्यानेही होते. या संग्रहात काठी पेललेल्यांचे लेख आहेत, आणि काठीला हात लावायला मिळाला नाही अशांचेही. दुसऱ्या प्रकारचे लेख आम्ही मुद्दाम मागून घेतले.

आता गिरण्यांकडे येतो, कारण हे शहर आज जसे आहे तसे त्यांनी घडवले. त्याआधी सोलापूर म्हणजे दुहेरी तटाचा भुईकोट किल्ला, त्याच्या अवतीभवती वसलेल्या पेठा आणि वेशी, आणि आजूबाजूच्या मुलखाची बाजारपेठ. १८१८ मध्ये पेशवाई बुडताना जनरल मन्रोने किल्ला घेतला. १८६० मध्ये आगगाडी आली आणि कापसाला वाट फुटली. १८७७ मध्ये मुरारजी गोकुळदासांच्या पुढाकाराने सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी निघाली. तिचे हे लांबलचक नाव सोलापुरात कोणी घेतले नाही. पुढे दुसऱ्या गिरण्या आल्यावर ती ‘जुनी मिल’ झाली ती कायमची. साल लक्षात घ्यावे. १८७६ ते १८७८ हा दख्खनच्या भीषण दुष्काळाचा काळ. शेत सोडून निघालेली माणसे आणि माणसे हवी असलेली गिरणी एकाच वेळी या माळरानावर समोरासमोर आली. मागाहून लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी, जाम मिल अशा गिरण्या उभ्या राहिल्या. आसपासच्या तालुक्यांतले मराठी शेतकरी, कर्नाटकाकडचे कानडी बोलणारे, निजामाच्या मुलखातले तेलुगू पद्मशाली विणकर, सगळे एका भोंग्याने उठू लागले.

भोंग्यावर इतके लेख आले की त्यांचा वेगळा विभाग करावा लागला. घड्याळ असलेली घरे थोडी होती, भोंगा सगळ्यांचा होता. शाळेची वेळ, भाकरी टाकण्याची वेळ, नळाची वेळ त्यावरच बेतलेली. अनुभवी बायका लांबून ऐकूनही कुठल्या मिलचा भोंगा ते ओळखत. एका लेखकाच्या आईने तर नवऱ्याची मिल बंद पडल्यावरही कितीतरी वर्षे दुसऱ्या मिलच्या भोंग्याला उठून चूल पेटवली. जुनी मिल साठच्या दशकात बुडाली. बाकीच्या पुढल्या तीस-चाळीस वर्षांत एकामागून एक गेल्या. मिल बंद झाल्याची तारीख कामगारांना सांगता येत नाही, हे आमच्या ध्यानात आले. आधी एक पाळी बंद होते, मग एक खाते, मग पगार लांबतो, मग फाटकावर नोटीस लागते, मग कोर्ट. नेमकी कुठली तारीख सांगायची? थकलेल्या देण्यांची आशा धरून बसलेल्या घरांत तर मिल अजून पुरती बंद झालेलीच नाही. रिक्षावाल्याला आजही ‘जुनी मिल’ एवढे सांगितले तरी पुरते.

गिरण्यांची कहाणी मुंबईने इतक्यांदा सांगितली आहे की सोलापूरची कहाणी त्यातच मोडते असे वाचकाला वाटू शकते. तसे नाही. मुंबईचा गिरणी कामगार गावी पैसे पाठवीत असे, आणि संपात गावी परतूही शकत असे. सोलापूरच्या तेलुगू विणकराने घरदारासकट गाव सोडले होते. मिल गेली तेव्हा त्याने घराच्या पुढल्या खोलीत माग टाकले, आधी हाताचे, मग यंत्राचे, आणि पूर्वभागाच्या गल्ल्या रात्रंदिवस खडखडू लागल्या. सोलापुरी चादर आणि टॉवेल त्या खोल्यांतून देशभर गेले. त्यांना भौगोलिक मानांकन मिळाले त्याच सुमारास पानिपतचा स्वस्त माल ‘सोलापुरी’ म्हणून विकला जाऊ लागला होता, हा आमच्या नशिबाचा खास विनोद. दाजी पेठ, साखर पेठ, अशोक चौक या भागांतून आलेल्या लेखांत मागाचा आवाज बंद झाल्यावर झोप लागत नसे, हे इतक्या जणांनी लिहिले आहे की आम्ही ते एकाच्याच लेखात ठेवले आणि बाकीच्यांची माफी मागितली.

पण खरे धन मिळाले ते विडीच्या लेखांत. मिलचा इतिहास पुरुषांनी सांगितला, संपांचा इतिहास पुढाऱ्यांनी सांगितला. मिल बंद असताना घर कोणी चालवले, हे फारसे कोणी विचारले नव्हते. पूर्वभागातल्या बहुतेक लेखिकांच्या आया आणि सासवा विडी वळणाऱ्या. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी भिजवून मऊ केलेला पाला. पत्र्याच्या मापाने पान कात्रीने कापायचे, तंबाखू भरून वळायचे, टोक मुडपायचे, दोरा गुंडाळायचा. पंचवीस विड्यांचा कट्टा. दिवसाला हजार वळायच्या तर पोरीबाळींची बोटे हवीतच, म्हणून शाळेतून आलेली मुलगी दप्तर ठेवून टोके मुडपायला बसे. संध्याकाळी माल ब्रँचवर न्यायचा आणि तिथे तपासनीस काही कट्टे बाजूला काढणार, ती छाट. छाटीचे पैसे नाहीत. टाकून दिलेल्या विड्या पुढे कुठे जातात, हा प्रश्न विचारायची सोय नव्हती. एका लेखिकेने लिहिले आहे की तिच्या सासूने जन्मभरात काय साठवले ते तिला माहीत नाही, पण किती छाट निघाली ते सासूला तोंडपाठ होते.

१९६६ साली विडी कामगारांसाठी केंद्राचा कायदा झाला आणि घरी बसून वळणाऱ्या बाईलाही कामगार मानले गेले. ओळखपत्र, भविष्यनिर्वाह निधी, दवाखाना हे शब्द घरात आले. कायदा कागदावरून घरात यायला किती मोर्चे लागले, तेही या लेखांत आहे. कुंभारीजवळ गोदूताई परुळेकरांच्या नावाने या बायकांसाठी १०,००० घरांची वसाहत उभी राहिली. तिथल्या एका आजींचा लेख तेलुगूत सांगितलेला आणि नातीने मराठीत उतरवलेला आहे. पहिल्यांदा स्वतःच्या नावाची पाटी दारावर लावली तेव्हा कोणते गाव लिहायचे यावर घरात झालेली चर्चा त्यांनी जशीच्या तशी सांगितली आहे. ती चर्चा वाचल्यावर ‘मूळ गाव’ हा रकाना मला कधीच साधा वाटला नाही.

एका विभागावर आम्ही सर्वांत जास्त वाद घातला. गुन्हेगार जमाती म्हणून इंग्रजांनी कायद्याने शिक्का मारलेल्या जमातींना सोलापुरात तारेच्या कुंपणाआड वसवले होते. सोलापूरकर त्या वस्तीला आजही ‘सेटलमेंट’ म्हणतात. हजेरी द्यायची, परवानगीशिवाय बाहेर जायचे नाही, आणि हीच माणसे मिलमध्ये कामाला. तो कायदा १९५२ मध्ये देशभरातून गेला, नाव राहिले. कुंपणाच्या आत जन्मलेल्यांच्या मुलांनी आणि नातवंडांनी लिहिले आहे. कुंपणाबाहेर राहणाऱ्यांनीही लिहिले आहे, आणि त्यांपैकी काहींच्या लेखात सेटलमेंट म्हणजे लहानपणी दाखवली जाणारी भीती एवढीच आहे. ते लेख गाळावेत असे आमच्यातल्या काहींचे म्हणणे होते. मी विरोध केला. भीती दाखवली जात होती हीही साक्षच आहे, आणि ती देणाऱ्याने आपले नाव खाली लिहिले आहे. दोन्ही बाजूंचे लेख म्हणून लागोपाठ छापले आहेत. आतल्यांचे आधी.

नामवंत सोलापूरकरांवर या संग्रहात फार थोडे आहे, आणि ते बरेच झाले. वालचंद हिराचंद इथे १८८२ मध्ये जन्मले, त्यांच्यावर पुस्तके आहेत. शाहीर राम जोशी इथलेच. डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९१० मध्ये इथे जन्मले, १९३८ मध्ये वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि बत्तिसाव्या वर्षी तिथेच वारले. भैय्या चौकाच्या बाजूला त्यांचे स्मारक आहे. बाहेरगावचा पाहुणा ते बघायला निघाला की त्याच्यासोबत पहिल्यांदा आत जाणारे सोलापूरकर मला बरेच माहीत आहेत. जाता जाता एक गंमत. व्ही. शांतारामांनी १९४६ मध्ये कोटणिसांवर चित्रपट काढला आणि १९४७ मध्ये लोकशाहीर राम जोशींवर. लागोपाठ दोन सोलापूरकर पडद्यावर आले. आमच्याकडे याची पुरेशी फुशारकी मारली जात नाही, अशी माझी तक्रार आहे.

भाषेबद्दल. हे लेख ज्यांनी लिहिले त्यांपैकी पुष्कळांची घरची भाषा मराठी नाही. कानडी, तेलुगू, दखनी उर्दू घरात, मराठी शाळेत आणि रस्त्यावर. त्यामुळे त्यांची मराठी वेगळी वळणे घेते. ‘काय करलालास बे’ हे पुण्याच्या कानाला भांडण वाटते, आम्हाला ती आपुलकीची विचारपूस असते. मुद्रितशोधकाने सुरुवातीला बऱ्याच ठिकाणी लाल खुणा केल्या होत्या. शुद्धलेखन सुधारा, बोलणे सुधारू नका, असे सांगितल्यावर त्यांनी मोठ्या मनाने ऐकले. बतुकम्मा, मार्कंडेय रथोत्सव, हुग्गी, कडक भाकरी यांच्या तळटीपा आम्ही दिलेल्या नाहीत. संदर्भावरून कळते, आणि नाही कळले तर एखादा सोलापूरकर गाठावा. तो जेवायला बोलावील आणि शेंगाचटणीवरून सुरुवात करील.

जे आले नाही त्याचीही नोंद करायला हवी. लष्कर भागातून फार थोडे लेख आले. मुसलमान बायकांनी तोंडी पुष्कळ सांगितले, छापायला मोजक्याच जणींनी परवानगी दिली, आणि ज्यांनी दिली नाही त्यांचे एक वाक्यही इथे नाही. मालकांच्या घराण्यांकडून काहीच आले नाही. छायाचित्रे कमी आहेत, कारण लग्नाखेरीज फोटो काढायची चाल नव्हती आणि लग्नाच्या फोटोत शहर दिसत नाही. एका घरातून मात्र गिरणीच्या खात्यातला सामूहिक फोटो मिळाला. त्यातल्या प्रत्येकाचे नाव मागे पेन्सिलने लिहिलेले आहे, फक्त पुढे बसलेल्या साहेबाचे नाही.

लेखांची मांडणी सालवार केलेली नाही. स्टेशनपासून निघून पेठापेठांतून पूर्वभागाकडे जावे तशी ती आहे. सोलापूरचा वाचक अनुक्रम बाजूला ठेवून आधी आपली पेठ काढील, तिथे आपली गल्ली आहे का पाहील आणि नसली तर आम्हाला फोन करील, हे आम्ही धरून चाललो आहोत.

शेवटचा विभाग पाण्याचा आहे. तळ्याकाठी वसलेल्या, १८७१ पासून हिप्परग्याचा एकरूख तलाव जवळ असलेल्या आणि आता दूरच्या उजनीवर विसंबलेल्या या शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येते. त्यामुळे पाण्याच्या आठवणी जुन्या व्हायला तयार नाहीत. या विभागात दोन सख्ख्या भावांचे लेख आहेत, एकाच चाळीतले, एकाच नळाविषयीचे. थोरल्याच्या मते तो नळ मारुतीच्या देवळाला लागून होता आणि पाणी भरायला तोच जात असे. धाकट्याच्या मते नळ चाळीच्या दुसऱ्या टोकाला होता आणि थोरल्याने आयुष्यात एक घागर उचलली नाही. दोघांनाही एकमेकांचे लेख वाचायला दिले. दोघांनीही एक अक्षर बदलले नाही. शेजाऱ्यांना विचारले तर त्यांनी तिसरीच जागा सांगितली. दोन्ही लेख शेजारी शेजारी छापले आहेत. धाकट्याचा आधी आहे, कारण तो आधी आला.